परक्या घरचे अन्न

मराठीत 'पचणे' हे क्रियापद पोटापुरते मर्यादित राहिलेले नाही. अपमान पचवावा लागतो, यश पचत नाही, लाचेचा पैसा एखाद्याला बिनबोभाट पचतो आणि नवा विचार समाजाच्या पचनी पडायला दोन पिढ्या जातात. पचवणाऱ्याचे सामर्थ्य आणि न पचवणाऱ्याची अपात्रता असा एक निवाडा या शब्दातच दडलेला आहे. म्हणून पुण्यातल्या एखाद्या सदनिकेत चार-पाच वर्षांचा, आजवर रस्त्यावर किंवा दुसऱ्याच्या घरी वाढलेला कुत्रा दत्तक येतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब सुरू होतात, तेव्हा घरात होणारी चर्चा निव्वळ वैद्यकीय नसते. "इतके चांगले खायला घालतो, तरी याला सोसत नाही," या वाक्यातली तक्रार अन्नाविषयी नसते, कुत्र्याच्या लायकीविषयी असते. दुसरा पक्ष अन्नाला दोष देतो आणि त्याच दिवशी बाजारातून वेगळे अन्न आणतो. दोन्ही पक्षांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. त्या कुत्र्याच्या आतड्यांना इतिहास आहे, आणि तो या घरात सुरू झालेला नाही.

हा इतिहास किती मागे नेता येतो? पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर किमान साडेतीन हजार वर्षे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे तेथे उत्खनन केले. इसवीसनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. जव हे तिथले मुख्य पीक. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या यांच्या हाडांबरोबर तेथे कुत्र्याचीही हाडे मिळाली. त्या कुत्र्याच्या वाट्याला काय येत असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. माणसाने खाल्लेल्या प्राण्यांची हाडे आणि माणसाच्या चुलीवर शिजलेल्या धान्याचे उरलेसुरले. शिकारी पूर्वजांचा हा वंशज शेतकऱ्याच्या दारात आला तो शेतकऱ्याचे अन्न पचवण्याची अट मान्य करूनच.

ही अट त्याच्या शरीरात उतरली आहे, हे २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. पिष्टमय पदार्थांचे विघटन करणारा अमायलेज हा पाचकरस स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या बहुतेक लांडग्यांत दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. पुढच्या अभ्यासांतून असेही दिसले की, जेथे शेती जुनी तेथल्या कुत्र्यांत या प्रती अधिक, आणि उत्तर ध्रुवाकडच्या, मासे-मांसावर जगलेल्या हस्कीसारख्या जातींत त्या कमी. तेव्हा 'कुत्रा हा मूळचा मांसाहारी, त्याला भाकरी कशी चालेल' हा प्रश्न आपल्याकडच्या गावठी कुत्र्याच्या बाबतीत तरी फारसा टिकत नाही. भाकरी त्याच्या वंशाने केव्हाच पचवली आहे. मात्र वंशाने मिळवलेली क्षमता वेगळी आणि एका विशिष्ट कुत्र्याच्या पोटाची सवय वेगळी. दत्तक कुत्र्याचे दुखणे दुसऱ्या प्रकारात मोडते.

आपल्या परंपरेने कुत्र्याला अन्न दिले, पण ते नेहमी उंबऱ्याबाहेर. श्राद्धातल्या पंचबलीत गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचा वाटा असतो आणि तो यमाच्या श्याम आणि शबल या दोन श्वानांना उद्देशून ठेवला जातो. हे अन्न कर्तव्य म्हणून द्यायचे. घेणाऱ्याला ते मानवते की नाही हा प्रश्न त्या विधीत येत नाही. या अंतरावर सर्वात सुंदर घाला घातला तो नामदेवांच्या कथेने. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. सर्वांभूती एकच तत्त्व पाहणाऱ्या दृष्टीचा याहून सोपा दृष्टांत मराठी माणसाला ठाऊक नाही. भक्तीच्या अंगाने ही कथा अपुरी नाहीच. पण तिच्यात कुत्र्याच्या बाजूने कोणी बोलत नाही. त्याने पळवली होती ती कोरडी भाकरी, आणि बहुधा त्याच्या ओळखीची तीच होती.

तुपाचा प्रश्न गंमतीचा वाटला तरी तसा नाही. कुत्र्याला तूप पचत नाही अशा अर्थाची म्हण हिंदीत आहे आणि ती वापरली जाते ती माणसांना उद्देशून: हलक्या माणसाला चांगले दिवस झेपत नाहीत, हा तिचा अर्थ. शरीरशास्त्राच्या दृष्टीने म्हणीत तथ्य आहे. ज्या कुत्र्याला स्निग्ध पदार्थांची सवय नाही त्याला ते एकदम भरपूर मिळाले तर जुलाब होतात, आणि काहींना स्वादुपिंडाचा गंभीर दाहही होऊ शकतो. पण हीच गोष्ट महिनाभर फक्त पेजेवर राहिलेल्या माणसाला पंगतीत बसवले तर त्याच्याही बाबतीत खरी ठरेल. सवयीचा अभाव हा जातीचा दोष ठरवायचा, हे म्हणीचे काम. दत्तक कुत्र्याच्या घरातले 'याला सोसत नाही' हे वाक्य तिचेच सौम्य भावंड आहे.

माणसाच्या कौतुकाचे दुसरे टोक साताऱ्याला दिसते. छत्रपती शाहूमहाराजांचा खंड्या नावाचा लाडका कुत्रा होता. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांचा जीव वाचवला असे सांगतात. ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या इतिहासात महाराजांच्या आवडत्या कुत्र्याची हकिकत नोंदवली आहे: महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा तर दरबारात जरीची वस्त्रे व दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला खंड्याची समाधी आजही दाखवतात. यातली कृतज्ञता खोटी नव्हती. पण जहागीर, पालखी आणि पगडी या तिन्ही गोष्टी देणाऱ्याच्या भाषेतल्या होत्या. आपल्याला जे मोठे वाटते ते प्रिय प्राण्याला द्यावे, ही प्रेमाची जुनी रीत आहे. आज तिची जागा महागड्या पाकिटाने घेतली आहे इतकेच.

त्या पाकिटाचा उगमही पाहण्यासारखा आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकी गृहस्थाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला सुरुवात केली. बंदरावरची कुत्री जहाजांवरून टाकलेली खलाशांची टणक बिस्किटे खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा आहे. येथेही ग्राहक कुत्रा नव्हता, कुत्र्याचा मालक होता. पुढे या धंद्याने आहारशास्त्राची मदत घेतली, आणि आजचे चांगले तयार अन्न पोषणाच्या दृष्टीने समतोल असते यात वाद नाही. मात्र समतोल अन्नसुद्धा अपरिचित असू शकते, ही बारीक गोष्ट पाकिटावरच्या चित्रातून कळत नाही.

अपरिचित अन्नाने आत नेमके काय होते, याच्या अभ्यासाचा पाया कुत्र्यांवरच घातला गेला. इवान पावलोव्ह आपल्याला घंटा आणि लाळ यांमुळे ठाऊक असतो. पण १९०४ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते पचनाच्या शरीरक्रियेवरील कामासाठी. पाव, मांस आणि दूध यांसाठी कुत्र्याच्या जठरात स्रवणारा रस प्रमाणाने आणि गुणाने वेगवेगळा असतो, असे त्याने मांडले. त्याच्या काही निष्कर्षांत पुढे दुरुस्ती करावी लागली. परंतु आहार बदलला की स्वादुपिंडातल्या पाचकरसांचे प्रमाण हळूहळू त्यानुसार बदलते, हे नंतरच्या प्रयोगांनीही दाखवले. याच्या जोडीला आतड्यातले सूक्ष्मजीव असतात. आजवरच्या खाण्यावर त्यांची एक वस्ती बसलेली असते. खाणे एका रात्रीत बदलले की ती विस्कटते. अमेरिकेत वॉल्टर कॅनन याने त्याच सुमारास, नव्याने हाती आलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने, मांजराच्या जठराच्या हालचाली पाहिल्या. प्राणी घाबरला की त्या थांबत होत्या. म्हणजे अन्न तेच ठेवले तरी भीती पचनात ढवळाढवळ करते. नव्या घरातल्या कुत्र्याच्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकाच आठवड्यात एकत्र येतात: ताटली नवी, आणि लिफ्ट, कुकरची शिट्टी, गुळगुळीत फरशी, अनोळखी आवाज हे सारेही नवे. थोडे थोडे, वारंवार आणि शेंबडासारखा चिकट पदार्थ मिसळून होणारे जुलाब हे अशा ताणाचे नेहमीचे लक्षण पशुवैद्यांच्या परिचयाचे आहे.

या साऱ्यावरचा उपाय मात्र पावलोव्हच्याही फार आधीचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायात सवयीच्या, पण अहितकर गोष्टी सोडून हितकर गोष्टी कशा स्वीकाराव्यात याचा क्रम सांगितला आहे. तो पादांशाचा, म्हणजे चतुर्थांशाचा क्रम आहे. जुन्यातला एक चतुर्थांश काढायचा, तेवढेच नवे घालायचे, मग काही काळ थांबायचे, आणि असे करत पूर्ण बदलापर्यंत जायचे. एकदम सोडले वा एकदम धरले तर अपाय होतो, हे तेथे स्पष्ट आहे. ही शिकवण माणसासाठी आहे. पण आजचे पशुवैद्य कुत्र्याचे अन्न बदलण्यासाठी जो सात ते दहा दिवसांचा क्रम सांगतात, तोही पंचवीस टक्क्यांच्या टप्प्यांचाच आहे. एकाने दुसऱ्याचे उचलले असे नव्हे; दोघांनी एकाच गोष्टीकडे लक्षपूर्वक पाहिले, एवढाच याचा अर्थ.

सरावाने शरीराला मानवू लागलेल्या गोष्टीला आयुर्वेदात 'ओकसात्म्य' म्हणतात. टीकाकार 'ओक' म्हणजे अभ्यास, सराव असे सांगतात. पण 'ओकस्' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ घर असाही आहे. स्वर्ग हे ज्यांचे घर ते 'दिवौकस'. सवय आणि घर यांच्यासाठी भाषेने इतके जवळचे शब्द वापरावेत, हे या विषयापुरते तरी अर्थपूर्ण आहे. कुत्रा दाराच्या आत आला की आपल्या लेखी त्याचे घर बदलते. त्याच्या पोटाचे घर बदलायला आणखी काही दिवस लागतात.

पुण्यातल्या रस्त्यावरच्या प्रौढ कुत्र्याचे जुने घर काय असते? चहाच्या टपरीवरची ग्लुकोज बिस्किटे, बेकरीतले पावाचे तुकडे, चिकनच्या दुकानामागचे टाकाऊ मांस, कोणा आजींनी ठरल्या वेळी ठेवलेला पोळीचा काला. हे अन्न आदर्श नाही. पण ते त्याचे सात्म्य आहे. म्हणून आधी काय खात होता याची चौकशी करणे हे दत्तक घेणाऱ्याचे पहिले काम. पहिले काही दिवस शक्यतो तेच, किंवा बिनतेलाचे, बिनमसाल्याचे साधे अन्न द्यावे. मग पावपावाने नवे. लाडाने वाटीभर दूध देणे टाळावे, कारण प्रौढ कुत्र्यांत दुधातली साखर पचवण्याची शक्ती पुष्कळदा कमी झालेली असते.

मात्र 'सवय नाही' या स्पष्टीकरणाचाही अतिरेक होऊ शकतो, आणि तो अधिक घातक आहे. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याबरोबर हुककृमी किंवा जिआर्डियासारखे परजीवी, नाहीतर गोचीडतापही येऊ शकतो. १९७८ मध्ये ओळख पटलेला पार्व्हो विषाणू पिल्लांना अधिक मारतो, पण लस न मिळालेला प्रौढ कुत्राही त्यातून सुटेलच असे नाही. शौचातून रक्त पडणे, वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे, कुत्रा मलूल होऊन पडून राहणे, यांपैकी काहीही दिसले तर सात्म्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्य गाठला पाहिजे. एरवीही शौचाची तपासणी पहिल्या आठवड्यात करून घ्यावी. घरातल्या कपाटातली माणसांची औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. साधी वेदनाशामक गोळीही कुत्र्याला विषासारखी ठरू शकते.

हे सारे एका बिघडलेल्या पोटासाठी जास्त वाटेल. पण दत्तक दिलेली प्रौढ कुत्री परत पाठवली जातात ती बहुधा याच पहिल्या दिवसांत, आणि घाण केलेली फरशी हे त्यातले एक न बोललेले कारण असते. परत गेलेल्या कुत्र्याला दुसरे घर मिळणे पहिल्याहून अवघड होते. तीन दिवसांच्या जुलाबांतून काढलेला निष्कर्ष त्याच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल ठरतो. इनामगावच्या काळापासून आपण या प्राण्याला आपले अन्न पचवायला लावले आहे, आणि त्याने ते पचवले. त्या मानाने त्याची दहा दिवसांची मुदत फार मोठी नाही. ती आपल्या पचनी पडली पाहिजे.