कपबशीचे मोल

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्या कपाला आपण रोज सकाळी ओठ लावतो, त्यालाही इतिहास आहे आणि तो तहनाम्यांहून कमी बोधप्रद नाही. चिनी मातीच्या भांड्यांची संग्रहालये जगात पुष्कळ आहेत. बहुतेकांत काचेच्या कपाटांतून निवडक नग मांडलेले असतात. पाहणारा रंग पाहतो, नक्षी पाहतो आणि संतुष्ट होऊन बाहेर पडतो. ते भांडे कोणी घडविले आणि घडविताना त्या माणसाचे काय झाले, हे त्याला कोणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट शहराच्या लाँगटन भागात असलेले ग्लॅडस्टन संग्रहालय आम्ही पाहिले, ते याला अपवाद आहे. कारण हे संग्रहालय म्हणजे एक अख्खा जुना कारखानाच आहे.

प्रथम या गावाविषयी थोडे सांगू. बर्स्लेम, हॅन्ली, लाँगटन आदी सहा गावे १९१० साली एकत्र येऊन आजचे स्टोक झाले. जमिनीखाली कोळसा आणि माती दोन्ही असल्याने येथे कुंभारकामाचा धंदा वाढला. पुढे पांढऱ्या शुभ्र मालासाठी दूरच्या कॉर्नवॉलची माती आणि किनाऱ्याकडचा चकमकीचा दगड लागू लागला, तेव्हा जोशाया वेजवूडसारख्या कारखानदारांनी पुढाकार घेऊन कालवा खणविला. तो १७७७ साली पुरा झाला आणि येथला माल जगभर गेला. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आपण ज्या मिंटनच्या रंगीत लाद्यांवरून चालतो, त्या मिंटनचा कारखानाही या स्टोकचाच. उंची कपबशीच्या मातीत जवळजवळ निम्मी राख गुरांच्या हाडांची असते, ही गोष्ट आपल्याकडील सोवळ्या घरांतून फारशी कोणाला ठाऊक नसावी!

ग्लॅडस्टन कारखान्याच्या भट्ट्या १९६०च्या सुमारास विझल्या. १९७० साली तो पाडण्याचे घाटत होते. पण काही जाणत्या मंडळींच्या खटपटीने तो वाचला आणि १९७५ साली संग्रहालय म्हणून खुला झाला. दगडी फरसबंदीचे अंगण आणि त्याच्या भोवती विटांच्या प्रचंड बाटल्यांसारख्या भट्ट्या, असे हे दृश्य आहे. एके काळी स्टोकमध्ये अशा सुमारे दोन हजार भट्ट्या होत्या. आज पन्नासही उरलेल्या नाहीत.

भट्टीच्या आत आपण शिरतो, तेव्हा कामाची कल्पना येते. कच्ची भांडी जाड मातीच्या पेट्यांत ठेवून त्या पेट्यांच्या चळती छतापर्यंत रचीत. मग दार विटांनी बंद करून दोन-तीन दिवस जाळ चाले. एका भाजणीला दहा टनांहून अधिक कोळसा लागे. जाळ सांभाळणाऱ्या मुख्य कामगाराला तेवढे दिवस धड झोप नसे. भट्टी पुरती निवण्याची वाट पाहणे मालकाला परवडत नसे. म्हणून अंगावर कपड्यांचे अनेक थर चढवून आणि डोक्याला ओले फडके गुंडाळून माणसे आत जात व तापलेल्या पेट्या बाहेर काढीत. साच्यावर थापलेली बशी वाळवणीच्या तापलेल्या खोलीत नेण्याचे आणि रिकामा साचा परत आणण्याचे काम लहान मुलांकडे असे. १८४१ साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा अगदी कोवळ्या वयाची मुले दिवसभर ही धावपळ करताना आढळली. कारखान्यांचा कायदा या धंद्याला लागू व्हायला १८६४ साल उजाडले.

परंतु आगीपेक्षा धूळ अधिक घातक ठरली. मातीला पांढरेपणा यावा म्हणून तीत चकमकीच्या दगडाची पूड घालीत. ती पूड श्वासाबरोबर आत गेली की फुफ्फुसे कठीण होत जातात आणि माणूस धापा टाकीत मरतो. हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. १७२६ साली टॉमस बेन्सन याने हा दगड पाण्यात दळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि कोरड्या धुळीने कामगार दगावतात हेच त्याचे कारण दिले. गिरणीतली धूळ त्या मार्गाने आटोक्यात आली. पण पुढे उंची बश्या भट्टीत वाकू नयेत म्हणून त्या याच कोरड्या पुडीत रोवून भाजू लागले, आणि भाजल्यावर ती पूड ब्रशाने घासून काढण्याचे काम स्त्रियांकडे आले. अशा रीतीने गिरणीतून घालवलेली धूळ घासणीच्या खोलीत परत आली. या कामासाठी चकमकीची पूड वापरण्यास कायद्याने बंदी झाली ती १९४७ साली. धोका ओळखल्यापासून २२१ वर्षांनी!

एवढा काळ का लागला, याचे उत्तर शास्त्रात सापडत नाही. उपायाला खर्च होता आणि घासणारे हात स्वस्त होते. एक बाई खोकत घरी बसली की तिच्या जागी दुसरी मिळे. संग्रहालयात या धंद्याच्या रोगांची माहिती देणारे डॉक्टरचे घर मांडले आहे. सुंदर मालाच्या शेजारीच ते पाहावे लागते, हे आम्हांला फार योग्य वाटले.

१९५६च्या धूरप्रतिबंधक कायद्यानंतर कोळशाच्या भट्ट्या मागे पडून वायूच्या व विजेच्या भट्ट्या आल्या. जुनी विद्या नोंदली जावी म्हणून १९७८ साली लाँगटनमध्येच म्हाताऱ्या कारागिरांनी एक शेवटची भट्टी लावली आणि तिचे चित्रण झाले. त्यांच्या कसबाचा त्यांना अभिमान होता, आणि तो सार्थ होता. कसबाचा गौरव करावा, पण त्याची किंमत कोणी मोजली तेही लिहून ठेवावे. इतिहासाला दोन्ही हवे असते.

ही केवळ परदेशची जुनी कथा आहे असे मानून आपण स्वस्थ बसू नये. गुजरातेत मोरबी हे आपल्या देशातील या धंद्याचे सर्वांत मोठे केंद्र आहे, आणि तेथील कामगारांतही धुळीने फुफ्फुसे निकामी झालेले रुग्ण आढळले आहेत. या धुळीवरचा पहिला उपाय जगाला १७२६ पासून ठाऊक आहे.