गहाणखत, हप्ता आणि हिशोब मागण्याचा हक्क

वर्ध्याला चिकटलेल्या सिंदी (मेघे)मध्ये आपल्या समाजातल्या अनेकांनी गृहकर्ज काढून घरे बांधली. हप्ता थकला की या घरांत आधी शिरते ती लाज. चारचौघांत कळू नये म्हणून दुसरे कर्ज काढून पहिले फेडले जाते. ही लाज आपण सोडली पाहिजे, कारण कर्जदाराला मिळणारी मदत कुणाच्या दयेतून आलेली नाही.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जखते जाळली गेली, कारण कोर्टात कागद बोलायचा आणि कुणबी गप्प राहायचा. सावकार आणि कारकून मिळून शेतकऱ्याला कसे नागवतात, हे जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडलेच आहे. या उठावानंतर १८७९ चा दख्खनचा कायदा आला. कर्जखतामागचा खरा व्यवहार तपासा, मुद्दल किती, व्याज किती ते काढा आणि हप्ते बांधून द्या, असे तो कोर्टाला सांगत होता. हिशोब मागण्याचा हक्क असा मिळाला. पण गहाण जमीन सोडवायची तर आधी जमीन हवी! आपल्या बहुतेक आज्या-पणज्यांकडे गहाण टाकायला श्रमाशिवाय होते काय?

वर्धा तेव्हा मध्य प्रांतात, मालगुजारीत. जो मालगुजार तोच पुष्कळ गावांत सावकार. तिथे १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा झाला, मंडळे नेमली गेली.

बाबासाहेब पुढे गेले. १९३६ च्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात भू-तारण बँकांची मागणी आहे. सावकाराला नुसता लगाम घालून भागत नाही, कर्ज देणारी दुसरी संस्था उभी करावी लागते, असा त्याचा अर्थ मी घेतो. महाराष्ट्रातल्या भूविकास बँका पुढे डबघाईला आल्या. २०२२ मध्ये राज्याने त्यांचे सुमारे ३५ हजार शेतकऱ्यांकडचे ९६४ कोटींचे कर्ज माफ केले. शेतकऱ्याला माफी मिळू शकते, मग घराचा हप्ता चुकलेल्या कामगाराने बँकेत मान खाली का घालावी?

आजचा कायदा माहीत करून घ्या. ९० दिवस हप्ता थकला की खाते बुडीत धरतात. त्याआधीच मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सरफेसी कायद्याची नोटीस आली तर ६० दिवस मिळतात. त्यात लेखी आक्षेप घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झालीच तर ४५ दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही.

सावकाराने कर्जापोटी विक्रीखत करून घेतले असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करा. व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल आणि सावकारीतून झाल्याचे सिद्ध झाले, तर मालमत्ता परत करण्याचा आदेश ते देऊ शकतात.

वकिलाच्या फीसाठी अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. जातीचा दाखला आणि बँकेची नोटीस घेऊन वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ओळखीतला कुणी अडला असेल तर त्याच्यासोबत जा.