लोकल बंद पडली तरी आपण फलाटावरच का उभे राहतो?

ओव्हरहेड वायर तुटली, सिग्नल गेला, सायनला पाणी भरलं, कारण काहीही असो. लोकल रखडली की दोन गोष्टी हमखास होतात. फलाट गच्च भरतो आणि कुणीतरी शहाणा लिहितो, "हे लोक बसने का जात नाहीत? मेट्रो आहे की! सवयीचे गुलाम, दुसरं काय."

मी डोंबिवलीकर, त्यामुळे हा टोमणा मलाही लागतो. पण या हट्टाला इतिहास आहे. थोडा लांब आहे, तरी वाचा.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेतलं पोरही सांगेल. ती जीआयपी कंपनीची. पश्चिमेकडची लाइन बीबीसीआय या दुसऱ्या कंपनीची, विरारहून पहिली लोकल १८६७ ची. दोन मालक, दोन रूळ, आणि दोन्ही उत्तर-दक्षिण. शहर लांबट, त्यामुळे तेव्हा ते बरोबरच होतं. दोघांची गाठ पडायची ती दादरला. पुढे १९५१ मध्ये या कंपन्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या. पाट्या बदलल्या, नकाशा तोच राहिला.

आडवा रस्ता, म्हणजे पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे, आपल्याला मिळाली कधी? ठाणे-वाशी लोकल २००४ मध्ये. तोवर ठाण्याच्या माणसाने लोकलने वाशीला जायचं तर कुर्ल्याला वळसा. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो जून २०१४ मध्ये. म्हणजे पहिल्या गाडीनंतर तब्बल दीडशे वर्षं "दुसऱ्या मार्गाने जा" याचा अर्थ "रस्त्याने जा" एवढाच होता. आमच्या आजोबांनी फलाटावर वाट पाहिली, कारण तेच शहाणपणाचं होतं. तोच धडा घराघरांत उतरला.

दुसरी गोष्ट पासाची. महिन्याचे, तीन महिन्यांचे पैसे आपण आधीच भरलेले असतात, तेही एका ठरलेल्या मार्गाचे. गाडी बंद पडली की मेट्रोचं तिकीट वेगळं, बसचं वेगळं, शेअर रिक्षा त्याहून वेगळी. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला हा हिशेब डोळ्यांपुढे लख्ख दिसतो. ती थांबते. तिला सवयीची गुलाम म्हणणाऱ्याने आधी तिचं पाकीट बघावं.

तिसरी गोष्ट माहितीची. "थोड्याच वेळात" ही घोषणा आपण किती वेळा ऐकली? बाहेर पडून बसच्या रांगेत लागलो आणि मागे गाडी सुटली तर? अर्धा तास थांबल्यावर तर पाय अजूनच निघत नाही, तो अर्धा तास फुकट जाईल असं वाटतं. नेमकं कळत नसताना माणूस ओळखीच्या जागी उभा राहतो.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस. कित्येकांनी रात्र बंद गाडीत, स्टेशनात काढली, कित्येक कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी माणसं पुन्हा त्याच लाइनवर, तशाच डब्यांत. त्याला "मुंबईचं स्पिरिट" म्हणून टाळ्या पडल्या. मला ते कौतुक कधीच पटलं नाही. दुसरी वाट नसलेल्या माणसाचं ते धैर्य होतं हे खरं, पण नाइलाजही होता.

बरं, जिथे वाटा आहेत तिथे काय होतं? फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला, बरीच स्टेशनं बंद. अभ्यासकांनी कार्डांच्या नोंदी तपासल्या. संप मिटल्यावर साधारण ५ टक्के लोक जुन्या वाटेवर परतलेच नाहीत! नाइलाजाने धरलेली वाट त्यांना जास्त सोयीची निघाली. म्हणजे पर्याय हाताशी असूनही वर्षानुवर्षं काहींना आपली चांगली वाट ठाऊक नव्हती. सवय असतेच, नाही कशाला म्हणू? पण वाट असेल तर ती सुटते.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रयोग २०२० चा. मार्चमध्ये लोकल बंद झाली. जूनमध्ये सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. लस घेतलेल्या सर्वसामान्यांना पूर्ण वेळ मुभा मिळाली १५ ऑगस्ट २०२१ ला. एवढे महिने लोकांनी एसटी, बेस्ट, दुचाकी सगळं करून पाहिलं. आणि दार उघडताच परत लोकल! कारण कल्याण-डोंबिवलीहून रस्त्याने रोज मुंबई गाठणं म्हणजे काय, ते शिळफाट्याला विचारा.

आता माझा मुद्दा. दर रविवारी मेगाब्लॉक असतो. हार्बर बंद, पण त्याच पासावर मेन लाइनने किंवा ठाणे-वाशी मार्गे प्रवासाची मुभा दिली जाते, तीही आदल्या दिवशी सांगून. लोक गुपचूप वाट बदलतात, कुणी हट्ट करत नाही. २०२४ च्या ६३ तासांच्या ब्लॉकमध्ये ९३० लोकल रद्द होत्या, तेव्हाही आधी कळल्यामुळे लोकांना आपापली सोय लावता आली. म्हणजे रविवारी जो माणूस वाट बदलतो, तोच सोमवारी सकाळी वायर तुटल्यावर अडून बसतो. माणूस तोच आहे. फरक आहे तो खरी वेळ सांगण्यात आणि पास चालण्यात.

म्हणून मागण्या दोनच. गाडी बंद पडली की दहा मिनिटांत खरं सांगा: तासभर लागेल तर "तासभर" म्हणा. आणि तेवढ्या वेळेपुरता लोकलचा पास मेट्रोत, बेस्टमध्ये, दुसऱ्या लाइनवर चालवा. हे झालं नाही की माणसं रुळांत उतरून चालतात, दारात लोंबकळतात, आणि मग आपण आकडे मोजत बसतो.

तुमच्या स्टेशनवर शेवटची गाडी बंद पडली तेव्हा काय घोषणा झाली होती? कमेंटमध्ये स्टेशनच्या नावासकट लिहा. सगळं एकत्र करून प्रवासी संघटनांकडे देऊ.