रोलरने नाकारलेली गाडी : फोर-व्हील ड्राइव्हच्या ब्रेक-तपासणीचा इतिहास

१/
गाडीचे ब्रेक विश्वासार्ह आहेत हे ठरवायचे कसे? ब्रिटनमध्ये १९६० साली, वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकिर्दीत, दहा वर्षांहून जुन्या मोटारींची तपासणी सुरू झाली. ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग हे तिचे विषय. पुढे ती ‘एमओटी’ या नावाने रूढ झाली. वयाची अट १९६१ मध्ये सात आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली.

२/
ब्रेक मोजण्याचे जुने साधन होते टॅपली मीटर. ते गाडीत ठेवून रस्त्यावर ब्रेक दाबला की आतील लंबक झुकतो आणि गाडी गुरुत्वत्वरणाच्या किती टक्के दराने मंदावली ते कळते. मुख्य ब्रेकसाठी ५० टक्क्यांचा निकष रूढ झाला. म्हणजे ताशी ३२ किलोमीटर वेगाची गाडी सुमारे आठ मीटरांत थांबली पाहिजे.

३/
दुसरे साधन रोलरचे. एका आसाची चाके रोलरवर ठेवायची, विजेच्या मोटरने फिरवायची आणि ब्रेक दाबल्यावर प्रत्येक चाकाचा विरोध मोजायचा. पावसाची वा रहदारीची अडचण नाही; शिवाय डाव्या-उजव्या चाकांतील तफावत थेट आकड्यांत दिसते.

४/
मात्र या यंत्रामागे एक गृहीतक होते : एक आस फिरत असताना दुसरा स्वस्थ राहील. १९६६ ची जेन्सन एफएफ, १९७० ची रेंज रोव्हर आणि १९८० ची ऑडी क्वाट्रो या गाड्यांनी ते मोडले. त्यांच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती कायम मिळत असे.

५/
अशा गाडीची मागची चाके रोलरने फिरवली, की ती गती शाफ्टमधून पुढच्या चाकांकडे जाऊ पाहते. गाडी रोलरवरून निसटू शकते. काही गाड्यांत दोन आसांमध्ये सिलिकॉन द्रवाने भरलेले व्हिस्कस कपलिंग असते. ते तापून घट्ट होते व निकामी होऊ शकते. त्याहून गंभीर बाब म्हणजे यंत्रणेचा विरोध ब्रेकच्या खाती जमा होतो आणि कमकुवत ब्रेकही सक्षम भासतो.

६/
म्हणून कायम फोर-व्हील ड्राइव्ह असलेल्या गाड्यांसाठी साध्या रोलरला मनाई झाली आणि मंदन मोजणारे साधन पुन्हा रस्त्यावर आले. त्याचीही मर्यादा होती. ते एकूण परिणाम सांगते, चाकागणिक हिशेब देत नाही. एका चाकाचा ब्रेक दुबळा असेल, तर गाडी एका बाजूला ओढली जाते का, हे परीक्षकाच्या स्टिअरिंगवरील हातांनाच ओळखावे लागते.

७/
यावरचा तोडगा डिफरन्शियलच्याच गुणधर्मातून निघाला. शाफ्टची गती दोन्ही चाकांच्या सरासरी गतीवर अवलंबून असते. एक चाक पुढे आणि दुसरे तितक्याच वेगाने मागे फिरवले, तर सरासरी शून्य होते. शाफ्ट थांबून राहतो, दुसऱ्या आसाला धक्का लागत नाही. अशा रोलरवर एका वेळी एकाच चाकाचा ब्रेक मोजतात.

८/
कायद्याची मागणी तीच होती : गाडी वेळेत थांबावी. पण गाडीची रचना बदलल्यावर मोजमापाची पद्धत बदलली नसती, तर प्रमाणपत्र हाती असूनही रस्त्यावरचा माणूस असुरक्षितच राहिला असता.