हरिण आणि त्याचा अधिवास : बालशिक्षण (कचारगड परिसर)

हरणे जंगलात कशी जगतात हे मुलांना समजावून देणारा निसर्गशिक्षणातला पाठ. अन्न, पाणी, आडोसा आणि वावरायला पुरेशी जागा या चार गरजांभोवती तो रचलेला असतो. यांतली एक जरी कमी पडली तरी कळप का रोडावतो, हे मुलांना कळावे एवढीच त्याची अपेक्षा. शाळेच्या सहलींमध्ये हरणाची ओळख बहुधा ‘वाघाचे भक्ष्य’ अशी एका वाक्यात उरकली जाते आणि गाडी पुढे वाघ शोधायला निघते. हरणांचा पाठ नीट घ्यायचा तर हा क्रम उलटा करावा लागतो.

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकापासून जवळ, धनेगावच्या डोंगरात कचारगडच्या नैसर्गिक गुहा आहेत. गोंड समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या जत्रेला महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इथून लाखो भाविक येतात. काली कंकालीची तेहेतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती, गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगोने जंगो रायताड आणि किंगरीवादक हिरासुका पाटालीर यांच्या साहाय्याने त्यांना सोडवले आणि शिष्य करून शिकवले, अशी परंपरा आहे. म्हणजे या डोंगराची मूळ कथाच मुलांच्या शिक्षणाची. गोंडांच्या कुळांना ठरावीक झाड, प्राणी आणि पक्षी पूज्य असतात, आणि आपल्या कुळाच्या प्राण्याला इजा करायची नाही हा दंडक घरातच शिकवला जातो. वर्गात ‘संवर्धन’ हा धडा येण्याच्या कितीतरी आधी इथल्या मुलाच्या कानावर तो पडलेला असतो.

गोंदिया जिल्ह्याच्या पानगळीच्या जंगलांत चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणे. चौसिंगा आणि रोही (नीलगाय) यांना लोक सरसकट हरणांत मोजत असले तरी ते कुरंग गटातले. त्यांची शिंगे पोकळ असतात आणि जन्मभर टिकतात. हरणांच्या नरांची शिंगे भरीव असतात, ती गळतात आणि नव्याने येतात. पिसोरी तर तिसऱ्याच कुळातली. तिला शिंगे नसतातच, नराला बारीक सुळे असतात आणि वजन जेमतेम तीन किलो. नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 चे, नागझिरा अभयारण्य त्याआधीचे. दोन्ही मिळून 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. या जंगलांपासून बालाघाटमार्गे मध्य प्रदेशातल्या कान्हापर्यंत वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग जातो.

या पाठाचे जगभर खेळले जाणारे रूप अमेरिकेतले. तिथे 1983 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट वाइल्ड’ या शिक्षणक्रमात ‘ओह डिअर’ नावाचा मैदानी खेळ आहे. वर्गातली साधारण पाव मुले हरणे होतात, बाकीची अधिवास. दोन रांगा एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात. पोटावर हात म्हणजे अन्न, तोंडावर हात म्हणजे पाणी, डोक्यावर हात म्हणजे आडोसा. प्रत्येकाने आपली खूण मनाशी ठरवायची, इशारा होताच वळायचे, आणि हरणांनी आपल्याच खुणेच्या मुलाकडे धाव घ्यायची. वळल्यावर खूण बदलायची नाही. जोडी जमली तर अधिवासातला तो मुलगा पुढच्या फेरीत हरीण होतो. जे हरीण रिकाम्या हाताने राहिले ते मेले, ते अधिवासाच्या रांगेत जाते. मेलेले हरीण गवत होऊन परत येते ही गोष्ट मुलांना भारी आवडते, आणि शास्त्र म्हणूनही ती चुकीची नाही.

प्रत्येक फेरीची संख्या फळ्यावर मांडत गेले की खरा धडा दिसू लागतो. सुरुवातीला हरणे झपाट्याने वाढतात. मग हरणे फार आणि अन्न-पाणी थोडे अशी फेरी येते आणि निम्मा कळप एकदम कोसळतो. रेघ वर जाते, खाली येते, पुन्हा चढते. निसर्गात समतोल म्हणजे स्थिर आकडा नव्हे, हे चौथीतले मूलही या रेघेवरून सांगू शकते. खेळात मधेच ‘उन्हाळा’ पुकारून पाण्याची खूण बंद केली की काय होते, तेही लगेच कळते.

गोंदियात हा उन्हाळा कल्पनेतला राहत नाही. जिल्हा तलावांचा, गावोगाव बोड्या (लहान तळी). पण एप्रिल-मेमध्ये जंगलातले नाले आटतात. चितळाला जवळजवळ रोज पाणी लागते, त्यामुळे कळप उरल्या पाणवठ्यांभोवती गोळा होतात आणि बिबट व रानकुत्र्यांनाही तीच जागा ठाऊक असते. याच दिवसांत अन्नाची सोय मात्र झाडांवरून होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात, आणि त्यांच्यासाठी हरीण, अस्वल आणि टोपली घेऊन आलेली गावची माणसे एकाच झाडाखाली येतात. वानरे फांद्यांवर खाताना पाला-फळे खाली पाडतात, ती चितळे टिपतात. बदल्यात दोघांचा पहारा सामाईक होतो. वानराला उंचावरून लांबचे दिसते, चितळाचे नाक-कान तिखट. एकाने आवाज दिला की दुसरा सावध.

हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते पाला खालच्या दातांनी धरून ओढते, म्हणून खाल्लेल्या फांदीचे टोक फाटके, तुसासारखे राहते. सशाने कुरतडलेले टोक तिरपे आणि स्वच्छ कापल्यासारखे असते. असे दोन देठ मुलाच्या हातावर ठेवले तर पुस्तकातले पानभर वर्णन वाचवता येते. उघड्यावर हरीण भराभर गिळते आणि झाडीत बसून निवांत रवंथ करते. आवळ्याची टणक बी रवंथ करताना तोंडातून बाहेर टाकते. दक्षिणेत मुदुमलाईच्या जंगलात झालेल्या अभ्यासात आवळ्याच्या प्रसारात चितळाचा वाटा मोठा असल्याचे दिसले. बसण्याच्या जागी पडलेल्या अशा बिया शोधणे हे मुलांसाठी उत्तम काम आहे, कारण त्यात प्राणी दिसलाच पाहिजे अशी अट नाही. खुरांचे ठसे, लेंड्या, नराने शिंग घासून सोललेली खोडे, साळिंदराने कुरतडलेले गळके शिंग या खुणाही अशाच. शिंग बघावे, मोजावे आणि तिथेच ठेवावे. ते घरी नेणे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा ठरते.

आडोसा आणि जागा या दोन गरजा मुलांना सर्वांत उशिरा पटतात. त्यासाठी शेजारच्या कान्हाचा दाखला उपयोगी पडतो. तिथला बारशिंगा 1970 मध्ये 66 वर आला होता. त्याला उंच गवताची माळराने लागतात, पाडसेही तो त्या गवतातच लपवतो. गवत गेले की जंगल उभे असूनही बारशिंगा राहत नाही. गावांचे पुनर्वसन होऊन माळराने मोकळी झाली, कुंपणात वाढवलेल्या कळपांची जोड मिळाली, तेव्हा कुठे संख्या आठशेच्या वर गेली. याच कान्हात वन्यजीव-अभ्यासक जॉर्ज शालर यांनी 1963 ते 1965 मध्ये हरणे आणि वाघ यांचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1967 मध्ये आले आणि त्याच्या नावात वाघाच्या आधी हरीण आहे.

शिकवणारा कोण असावा, याचे उत्तरही याच जिल्ह्यात सापडते. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली (1932–2025) नवेगावबांधला असताना तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून जंगल शिकले. वनाधिकाऱ्याला जे गावच्या पाटलाकडून घेता आले, ते शाळकरी मुलांना मोहफुले वेचणाऱ्या आजीकडून सहज मिळू शकते. शिक्षकाने अशा माणसाला एक दिवस वर्गात बोलवावे. सांबराचा ‘ढाँक’ आणि भेकराचे भुंकणे यांतला फरक ध्वनिफितीपेक्षा अशी माणसे चांगला करून दाखवतात.

सहलीच्या वेळेचा विचार मात्र काटेकोरपणे करायला हवा. मध्य भारतात चितळांची पिल्ले मोठ्या संख्येने जन्मतात ती हिवाळ्याच्या शेवटी, म्हणजे नेमकी माघातल्या जत्रेच्या सुमारास. पहिले काही दिवस आई पिल्लाला झुडपात दडवून चरायला जाते. त्याच्या अंगाला वास फारसा नसतो आणि ते हालचाल न करता पडून राहते, हाच त्याचा बचाव. एकटे दिसलेले पाडस अनाथ समजून उचलून आणण्याच्या घटना सगळीकडेच घडतात. तसे दिसल्यास हात न लावता मागे फिरावे आणि वनरक्षकाला कळवावे, हे मुलांना सहलीला निघण्यापूर्वीच सांगितलेले असावे.