यादीत नाही, म्हणजे नाहीच का?

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं संगणकाच्या बूट मेनूवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. कारण अगदी घरगुती आहे. माझ्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी नांदतात. एकदा लिनक्स अद्ययावत केलं आणि सुरुवातीच्या यादीतून विंडोजची ओळच गायब! माझी कित्येक वर्षांची टिपणं तिथं होती. ओळखीचा एक मुलगा म्हणाला, “सर, सगळं पुसून नव्यानं टाकू.” माझे तर हातपायच गळाले.

याचा उलगडा इतिहासात आहे. प्रणाली सुरू करायला प्रोग्रॅम लागतो. मग त्या प्रोग्रॅमला कोण सुरू करणार? आपले नैयायिक याला अनवस्था म्हणतात. जुन्या पीसीत ही साखळी बायोसपाशी थांबे. तो मदरबोर्डवरच वस्तीला. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचा. त्यात सूचनांसाठी जागा जेमतेम ४४६ बाइट. एवढ्यात मेनू कुठला मावणार? म्हणून तिथं फक्त पुढच्याला हाक मारणारा तुकडा ठेवत.

१९९० च्या दशकात वर्नर आल्म्सबर्गर यांचा लिलो आला. यादी तुम्हीच हातानं लिहायची. पण लिलोला फाइल नावानं शोधता येत नसे. कर्नल डिस्कवर नेमका कुठं आहे, ते तो आधी टिपून ठेवी. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायला विसरलात, की संपलं. पत्ता जुना आणि घर रिकामं!

१९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी ग्नू हर्डसाठी ग्रब लिहिला. तो फाइलींची रचना समजून घेतो, नावानं फाइल उघडतो. पुढं ग्रब २ आला, त्याची २.०० ही आवृत्ती २०१२ ची. आता यादी हातानं लिहायची गरज उरली नाही; ती आपोआप तयार होते आणि शेजारच्या प्रणाली हुडकायला ओएस-प्रोबर नावाचा मदतनीस असतो. मात्र २०२१ च्या २.०६ आवृत्तीनं सुरक्षेसाठी हा शोध मुळातच बंद ठेवला.

माझं विंडोज गेलं ते इथं, बरं का! म्हणजे गेलं नव्हतंच. कोणी शोधलं नव्हतं. ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘ओएस-प्रोबर बंद’ या अर्थाच्या ओळीपुढं ‘फॉल्स’ लिहिलं, म्हणजे नकाराचा नकार केला, यादी पुन्हा तयार करवली आणि ओळ परत आली.

आणखी एक. यूईएफआय आल्यापासून मदरबोर्डच्या स्मृतीतही बूट नोंदी आणि त्यांचा क्रम असतो. म्हणजे याद्या दोन. ग्रबचा मेनूच न येता थेट विंडोज उघडलं, तर बहुधा हा वरचा क्रम बदललेला असतो. तोही तपासावा.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, असं म्हणता येतं. पण केव्हा? असता तर दिसला असता, एवढा उजेड असेल तेव्हाच! अंधारात न दिसणं हा पुरावा नव्हे. तेव्हा डिस्क पुसण्याआधी एवढंच विचारा: यादी करणाऱ्यानं पाहिलं होतं का? माझी टिपणं या एका प्रश्नानं वाचली.