बालसंधिशोथ व हाताचे व्यायाम

वयाची १६ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सुरू होणाऱ्या, किमान ६ आठवडे टिकणाऱ्या आणि निश्चित कारण न सापडणाऱ्या सांध्यांच्या शोथास (दाहयुक्त सुजेस) बालसंधिशोथ म्हणतात. सांधेदुखी हा उतारवयाचा विकार, अशी समजूत असल्याने त्याचे बालपणातील स्वरूप वैद्यकाच्या उशिरा लक्षात आले. दुखऱ्या हाताला विश्रांती द्यावी की हालचाल, या प्रश्नाचा उलगडा होण्यास त्याहूनही अधिक काळ लागला.

लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात काम करणाऱ्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये २२ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. ज्वर, लसीका ग्रंथी व प्लीहा यांची वृद्धी अशी लक्षणे असलेला मुलांमधील एक प्रकार प्रौढांच्या संधिशोथाहून वेगळा असल्याचे त्यांनी दाखविले. पुढे त्यास ‘स्टिल रोग’ हे नाव रूढ झाले.

दीर्घ शय्याविश्रांती आणि सांधे फळीने अथवा प्लॅस्टरने अचल ठेवणे, हा पूर्वी उपचाराचा मुख्य भाग असे. त्याने वेदना शमत. परंतु स्नायू क्षीण होत व सांधे आखडत. परिणामी शोथ ओसरल्यावरही मुलाला मूठ वळविणे वा लेखणी धरणे कठीण जाई. पंगुत्वाचा काही भाग अशा रीतीने रोगाऐवजी उपचारातूनच येई.

इंग्लंडमधील टॅप्लो येथील कॅनेडियन रेडक्रॉस मेमोरियल रुग्णालयात १९४७ मध्ये मुलांच्या संधिविकारांसाठी विशेष कक्ष स्थापन झाला. संधिज्वराचे प्रमाण घटल्यावर तेथे बालसंधिशोथाकडे अधिक लक्ष देण्यात आले. एरिक बायवॉटर्स आणि १९५१ पासून बार्बरा ॲन्सेल यांनी या विषयाचा पाया घातला. औषधांबरोबर व्यायाम, शिक्षण व कुटुंबाचे साहाय्य यांनाही उपचारात स्थान मिळाले. कॉर्टिसोनाने शोथ झपाट्याने कमी होई. मात्र दीर्घ वापराने मुलांची वाढ खुंटत असे. मेथोट्रेक्सेटाची उपयुक्तता १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आली. शोथ आटोक्यात येऊ लागल्याने व्यायाम करणेही सुकर झाले.

या रोगात मनगट मागे वळविण्याची क्षमता पुष्कळदा लवकर घटते व त्यामुळे पकड दुर्बल होते. म्हणून मनगट वर-खाली करणे, बोटे पसरणे व मिटणे, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकास लावणे आणि मऊ गोळा दाबणे, असे व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्याने शिकवितात. सांधा सुजून गरम झाला असल्यास जोर लावणारे व्यायाम टाळून हलक्या हालचाली करतात. ब्रिटनमध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या ४९० प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ठराविक हस्तव्यायामांनी हाताची कार्यक्षमता वाढल्याचे आढळले.

लहान मुले वेदनेची तक्रार क्वचितच करतात. दुखरा हात टाळून ती दुसऱ्याने काम भागवितात. त्यामुळे सकाळी बोटे ताठरणे, बटणे लावताना अडखळणे किंवा अक्षर अकस्मात बिघडणे, यांस पालक व शिक्षक आळस समजतात आणि निदान लांबते. याविषयी जागृती व्हावी म्हणून २०१९ पासून १८ मार्च हा दिवस मुलांच्या संधिविकारांसाठी जगभर पाळला जातो.